सापळा हलविणारे हात

ऑक्टोबर सरत आला की विचुंबे आणि नवीन पनवेलच्या गृहसंकुलांत हल्ली दोन सणांची तयारी एकाच अंगणात चाललेली दिसते. एका कोपऱ्यात मुले दगडमाती रचून दिवाळीचा किल्ला उभारतात, तर दुसऱ्या कोपऱ्यात हॅलोविनसाठी भुते, चेटकिणी आणि हाडांचे सापळे सिद्ध होत असतात. २०२४ साली तर नरकचतुर्दशी आणि हॅलोविन एकाच दिवशी, ३१ ऑक्टोबरला आले. पहाटे अभ्यंगस्नान आणि रात्री भुतांचा मेळा! हा दुसरा सण आपला मानावा की परका, याचा निर्णय आमच्या ख्रिस्ती कुटुंबांत अद्याप झालेला नाही. आणि निर्णय न झाल्यावर जे व्हायचे तेच होत आहे. निम्मे पालक दुकानातून रबरी मुखवटे आणून देतात, निम्मे पालक ते मुखवटे पाहून क्रुसाची खूण करतात, आणि धर्मगुरू वेदीवरून गरजतो.

तो गरजणारा धर्मगुरू मीच. म्हणून प्रस्तुत लेख जितका इतरांशी घातलेला वाद आहे, तितकाच तो माझ्या स्वतःच्या एका प्रवचनाविरुद्ध आहे.

घडले ते असे. विचुंब्यातील एका संकुलात आमच्याच धर्मग्रामातील एका मुलाने, दोन मित्रांना हाताशी धरून, एक हलता सापळा तयार केला. हा मुलगा वेदीसेवक. दृढीकरण संस्कार घेऊन त्याला वर्षही झाले नव्हते. लाकडी पेटीत निजलेला सापळा हळूहळू उठून बसे, मान वळवून समोरच्याकडे पाही आणि एक हात वर करी. पाहायला गर्दी लोटली. तक्रार माझ्यापर्यंत आली, आणि ३ नोव्हेंबरच्या रविवारी मी प्रवचनात ‘सैतानाची करमणूक’ असा शब्दप्रयोग करून त्या प्रकाराचा खरपूस समाचार घेतला. कोणाचे नाव घेतले नाही. पण गाव लहान असले की नाव घ्यावे लागत नाही. पुढच्या रविवारी तो मुलगा वेदीसेवकांच्या रांगेत नव्हता. त्याच्या पुढच्याही नव्हता. काही आठवड्यांनी मी त्याच्या घरी गेलो. आईने चहा ठेवला आणि डोळ्यांना पदर लावला. मुलगा मला गॅलरीत घेऊन गेला, चादरीखाली झाकलेली ती वस्तू उघडली आणि एवढेच विचारले, “फादर, तुम्ही हा पाहिला होता का?”

मी तो पाहिला नव्हता. न पाहताच निकाल दिला होता.

त्या संध्याकाळी त्याने मला तो सापळा चालवून दाखविला, आणि ‘भूत’ म्हणून ज्याची हेटाळणी केली त्यात किती कष्ट दडलेले असतात ते मला कळले. कळंबोलीच्या भंगारातून त्याने मोटारगाडीच्या काचेवरचा वायपर फिरविणारी मोटर मिळविली होती. ही मोटर १२ व्होल्टवर चालते आणि आतल्या गिअरमुळे सावकाश पण जोराने फिरते. जुन्या कॉम्प्युटरचा पॉवर सप्लाय तिला पुरतो. त्यातल्याच ५ व्होल्टच्या तारेला जोडली तर ती आणखी मंद होते. प्रथम त्याने दोरी ओढून सापळा उठविण्याचा प्रयत्न केला, तेव्हा सापळा धक्का खाऊन उठे आणि धाडकन आपटे. मग त्याने मोटरच्या आसाला लोखंडी पट्टी बसवून तिच्या टोकाशी दांडा जोडला. पट्टी गोल फिरते, दांडा पुढे-मागे सरकतो, आणि दोन्ही टोकांजवळ त्याचा वेग आपोआप मंदावतो. धक्का उरत नाही. धडाचे सगळे वजन मोटरवर पडू नये म्हणून पाठीमागे स्प्रिंग ताणून तोल साधला आणि सांध्यांत बेअरिंगे बसविली. मानेसाठी एक लहान सर्व्हो मोटर होती. तिला एकदम वळण्याची आज्ञा न देता एकेका अंशाने वळायला सांगितले होते, आणि आरंभी व शेवटी प्रत्येक पायरीवर अंमळ अधिक थांबायला लावले होते. “फादर, जिवंत वस्तू एकदम सुरू होत नाही आणि एकदम थांबत नाही,” तो म्हणाला. सेमिनरीत मी ॲरिस्टॉटलची गतीची व्याख्या पाठ केली होती. पण गतीकडे इतके निरखून मी कधी पाहिले नव्हते.

आता या सापळ्यावर आमच्याकडे जे दोन पक्ष उभे राहतात, त्या दोघांशीही माझे भांडण आहे.

पहिला पक्ष म्हणतो, हॅलोविन हा सैतानाचा दिवस आहे; त्याच्याशी ख्रिस्ती माणसाचा संबंध काय? या पक्षातील मंडळी श्रद्धावंत आहेत, त्यांच्या हेतूविषयी मला शंका नाही. परंतु इतिहास त्यांच्या बाजूने नाही. हॅलोविन या शब्दाचा मूळ अर्थच ‘सर्व संतांच्या सणाची पूर्वसंध्या’ असा आहे. आठव्या शतकात पोप तिसरे ग्रेगरी यांनी रोमच्या संत पेत्राच्या महामंदिरात सर्व संतांच्या नावे एक प्रार्थनामंदिर अर्पण केले. पुढे ८३५ साली पोप चौथे ग्रेगरी यांच्या प्रेरणेने सम्राट धार्मिक लुई याने १ नोव्हेंबरचा सण आपल्या साम्राज्यभर लागू केला. दहाव्या व अकराव्या शतकांच्या संधिकाळात क्लूनीच्या मठाचे अधिपती संत ओडिलो यांनी २ नोव्हेंबर हा सर्व मृतांच्या स्मरणाचा दिवस आपल्या मठांतून सुरू केला. आयर्लंडात त्याच सुमारास हिवाळ्याच्या आरंभाचा एक जुना उत्सव होत असे, आणि त्याच्या चालीरीती या संध्याकाळला येऊन चिकटल्या, हे खरे. १८४५ नंतरच्या भीषण दुष्काळात आयरिश कॅथलिक लाखोंच्या संख्येने अमेरिकेला गेले, त्यांच्याबरोबर ही संध्याकाळही गेली. सलगम कोरून दिवा लावण्याची त्यांची रीत तिकडे भोपळ्यावर आली. पुढे बाजाराने तो भोपळा उचलला. २०२३ साली तेथील किरकोळ व्यापाऱ्यांच्या राष्ट्रीय संघटनेने हॅलोविनच्या खर्चाचा अंदाज १२ अब्ज डॉलरांहून अधिक वर्तविला होता. तेव्हा हा दिवस सैतानाने आपल्याकडून हिसकावलेला नाही. आपण तो वाऱ्यावर सोडला आणि दुकानदाराने उचलला, एवढेच. स्वतः टाकून दिलेल्या वस्तूला चोरीची म्हणणे हा प्रामाणिकपणा नव्हे.

राहता राहिला हलता सापळा. स्ट्रासबुर्गच्या कॅथिड्रलमध्ये १३५४ साली पूर्ण झालेल्या घड्याळात तीन राजे पवित्र मरियेपुढे येऊन लवत असत, आणि एक यांत्रिक कोंबडा पंख फडफडवी. तो कोंबडा पेत्राच्या नाकारण्याची आठवण देई, असे प्रवचनकाराने वेगळे सांगावे लागत नसे. प्राग शहराच्या प्रसिद्ध घड्याळावर आजही दर तासाला हाडांचा सापळा दोरी ओढून घंटा वाजवितो आणि वरच्या खिडक्यांतून बारा प्रेषित पुढे सरकतात. सापळा भर चौकात उभा आहे, आणि शतकानुशतके ख्रिस्ती माणसे त्याच्याकडे पाहून आपले घड्याळ आणि आपला विवेक दोन्ही जुळवीत आली आहेत. हातातील कसब हे तर देवाचेच दान आहे. निर्गमाच्या ग्रंथात निवासमंडपाचे काम करणाऱ्या बसालेलाला परमेश्वराने आपल्या आत्म्याने भरले, ते उपदेश करण्यासाठी नव्हे, तर सोने, रुपे, पितळ आणि लाकूड घडविण्यासाठी. भंगारातल्या मोटरला संथपणे उठून बसायला शिकविणारा मुलगा त्या बसालेलाचा लांबचा नातलग आहे, असे म्हटले तर ती अतिशयोक्ती होऊ नये.

इथवर वाचून दुसरा पक्ष खूष झाला असेल. “आम्ही तेच म्हणत होतो, फादर! मुलांची गंमत आहे, खेळू द्या.” या पक्षाशी माझे भांडण अधिक गंभीर आहे, कारण पहिल्या पक्षाला निदान काहीतरी भयंकर आहे असे वाटते, दुसऱ्याला काहीच वाटत नाही.

त्या मुलांचा पुढच्या वर्षीचा बेत झाडूवर बसलेल्या चेटकिणीचा होता. वाकडे नाक, पांढरे केस, हसताना हलणारा जबडा. अमेरिकेतल्या मुलाला ती परीकथेतली बाई वाटत असेल. आपल्याला तसे म्हणण्याची मुभा नाही. आपल्याच महाराष्ट्रात सातपुड्यात, नंदुरबारकडच्या पाड्यांत, बाईला ‘डाकीण’ ठरवून मारहाण झाल्याच्या, तिला गावातून हाकलल्याच्या घटना घडल्या आहेत. कोणाचे मूल आजारी पडते, कोणाचे गुरू आटते, आणि बोट वळते ते एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्या विधवेकडे. डॉ. नरेंद्र दाभोलकर यांची २० ऑगस्ट २०१३ रोजी पुण्यात हत्या झाली, आणि त्यांनी ज्यासाठी वर्षानुवर्षे झगडा दिला तो जादूटोणाविरोधी कायदा त्याच वर्षी राज्यात लागू झाला. अमुक व्यक्ती करणी करते असे भासवून तिचे जगणे असह्य करणे हा आज आपल्याकडे गुन्हा आहे. आणि आपण ख्रिस्ती लोकांनी तर याबाबत अधिकच खाली मान घालावी. १४८६-८७ मध्ये चेटकिणींच्या शिकारीचे कुप्रसिद्ध पुस्तक लिहिणारा हाइनरिख क्रेमर हा डोमिनिकन धर्मगुरू होता. पुढच्या दोन-तीन शतकांत कॅथलिक आणि प्रॉटेस्टंट अशा दोन्ही प्रदेशांत मिळून सुमारे चाळीस ते पन्नास हजार माणसे, बहुतांशी स्त्रिया, चेटूक केल्याच्या आरोपावरून मारली गेली. ते वाकडे नाक आणि ते पांढरे केस त्याच काळातून आलेले आहेत. ज्या म्हातारीला एकेकाळी जाळले तिचीच बाहुली करून दारात हसवीत ठेवणे, ही गंमत नव्हे.

कोणी म्हणेल, दुष्टाची प्रतिमा करण्यात वाईट काय? गोव्यात नाही का करीत? खरेच करतात, आणि त्यापासून शिकण्यासारखेही पुष्कळ आहे. नरकचतुर्दशीच्या आदल्या रात्री गोव्यातील वाड्यावाड्यांवर तरुण मुले कागद, गवत आणि लाकूड यांचे अवाढव्य नरकासुर उभारतात. त्यांतल्या अनेकांचे हात, डोळे, जबडे मोटरवर हलतात. स्पर्धा लागतात, बक्षिसे मिळतात, आणि पहाटे कृष्णाच्या हातून वध होऊन असुर जाळला जातो. कसब पाहावे तर थक्क व्हावे! परंतु तेथील हिंदू बांधवच आता कुरकुरतात की असुर दरवर्षी उंच होत चालला आहे, आणि कृष्ण मात्र कोणाचे तरी लहान मूल मुकुट घालून बाजूला उभे केलेले असते. कथेत जिंकणारा तो आणि मिरवणूक हरणाऱ्याची! ही तक्रार मला फार मोलाची वाटते. निदान तिथे शेवटी पहाट होते आणि असुर जळतो. आपल्या संकुलातील हॅलोविनला तर पहाटच नाही. भूत उभे राहते, किंचाळी उठते, फोटो निघतो, आणि दुसऱ्या दिवशी भूत गुंडाळून माळ्यावर जाते. पूर्वसंध्या साजरी झाली. सण कुठे आहे?

या पक्षाला आणखी एक गोष्ट ऐकवायची आहे, आणि ती कारागिरांनाही लागू आहे. हालचाल जितकी सुबक, तितकी तिची पकड मोठी. इंग्लंडातील केंट परगण्यात बॉक्सलीच्या मठात एक क्रूस होता. त्यावरील ख्रिस्ताचे डोळे हलत, ओठ हलत. यात्रेकरूंची रीघ लागे. १५३८ साली आठव्या हेन्री राजाच्या अधिकाऱ्यांनी तो उतरविला, तेव्हा पाठीमागे तारा आणि जुनाट काठ्यांची कळ आढळली. लंडनमध्ये भर सभेत ती कळ लोकांना दाखवून क्रूस फोडून जाळण्यात आला. काही इतिहासकार म्हणतात, यात्रेकरूंना ती कळ असल्याचे ठाऊक होते. कोणी कोणाला फसवीत नव्हते. तसे असेलही. पण विरोधकांच्या हाती कोलीत मिळाले, कारण कळ झाकलेली होती. जो माणूस जिवंतपणाचा भास निर्माण करू शकतो, त्याने त्या भासाचे काय करायचे हे आधी ठरविले पाहिजे. ‘गंमत’ हे त्याचे उत्तर होऊ शकत नाही.

आता मी मूळ मुद्द्यावर येतो. तो मला त्या मुलानेच सांगितला, आणि तो ऐकल्यापासून माझ्या प्रवचनाची मला लाज वाटते.

सापळा मांडला होता त्याच संकुलात एक कुटुंब राहते. दीड महिन्यापूर्वी त्यांच्या घरातील आजीला आम्ही मूठमाती दिली होती. अंत्यविधी मीच केला होता. त्या घरातील लहानगी गर्दीत उभी होती. पेटीतला सापळा संथपणे उठून बसला, सगळे ओरडले, हसले. ती ओरडली नाही. तिने त्या मुलाची बाही ओढून विचारले, “दादा, आमची आजी पण अशीच उठणार का?”

मुलाला उत्तर सुचले नाही. त्याने मोटर बंद केली. त्या रात्री सापळा पुन्हा चालला नाही.

वाचकहो, विश्वासांगिकारात आपण दर रविवारी उभे राहून देहाच्या पुनरुत्थानावर श्रद्धा असल्याचे जाहीर करतो. माझ्या पौरोहित्याच्या इतक्या वर्षांत प्रवचन संपल्यावर मला कोणीही त्याविषयी प्रश्न विचारलेला नाही. आणि भंगारातल्या एका मोटरने पाच-सहा वर्षांच्या मुलीच्या तोंडून तो प्रश्न उच्चारून घेतला! तो ऐकायला तिथे धर्मगुरू नव्हता, धर्मशिक्षक नव्हता, कोणी वडीलधारेही नव्हते. होता तो एक गोंधळलेला वेदीसेवक, आणि तीन दिवसांनी आम्ही त्याला सैतानाचा सेवक ठरविले. तो मुलगा आम्हाला विचारू पाहत होता की या प्रश्नाचे काय करू. आम्ही त्याला सांगितले की तू दारात येऊ नकोस.

म्हणून माझे म्हणणे एवढेच आहे: मुलांच्या हातातून मोटर काढून घेऊ नका, ती काय हलविते ते त्यांच्यासोबत बसून ठरवा. ‘मनाई’ आणि ‘गंमत’ हे दोन्ही पक्ष एकाच गोष्टीतून सुटका करून घेतात. मुलाशेजारी बसण्याचे कष्ट दोघांनाही नको आहेत.

तिसरा मार्ग म्हणून काही ठिकाणी मुलांना संतांचे पोशाख घालून रांगेत उभे करतात. त्याला माझा विरोध नाही. पण चौदा वर्षांच्या मुलाच्या हातांना त्यात काही काम नाही. त्याला कापडी झगा नको, पाना आणि स्क्रूड्रायव्हर हवा. असिसीकर संत फ्रान्सिस यांनी १२२३ साली ग्रेच्चो येथे गव्हाण मांडली, तेव्हा केवळ उपदेश न करता खरे गवत, खरा बैल आणि खरे गाढव आणले होते. लोकांना डोळ्यांनी पाहू दिले. मरणाला बहीण म्हणणाराही तोच फ्रान्सिस, हे आपण विसरतो. वसईच्या गावांतून नाताळात तरुण मंडळी गव्हाणीचे जे देखावे करतात, त्यात फिरणारी चाके आणि हलणारी माणसे असतात, तो वारसा तिथूनच आला आहे. फादर थॉमस स्टीफन्स यांनी मराठी माणसाला प्रिय असलेली ओवी आणि पुराणाची चाल उचलली आणि १६१६ साली ख्रिस्तपुराण छापले. ‘ही चाल परक्यांची, तिला शिवू नका’ असे ते म्हणाले असते तर आज आपल्याकडे काय उरले असते?

माझा प्रस्ताव साधा आहे. यहेज्केल संदेष्ट्याला दिसलेले कोरड्या हाडांचे खोरे आपणा सर्वांना ठाऊक आहे. हाडाला हाड येऊन भिडते, स्नायू चढतात, कातडी येते. आणि इतके होऊनही ती देहे निर्जीवच असतात, जोवर त्यांच्यात श्वास येत नाही. सापळा संथपणे उठून बसण्यासाठी याहून योग्य जागा कोणती? २ नोव्हेंबरला, दफनभूमीतील प्रार्थनेनंतर, हे खोरे मुलांनी आपल्या हातांनी उभारावे. अटी तीनच. कळ झाकायची नाही. मागची बाजू उघडी असावी आणि प्रत्येक लहान मुलाला मोटर दाखवावी, म्हणजे बॉक्सलीचा आरोप आपल्यावर येणार नाही. चेटकीण नको. आणि सापळ्याशेजारी एक मोठे माणूस उभे असावे, ज्याला त्या मुलीच्या प्रश्नाचे उत्तर देता येईल: होय बाळ, आजी उठणार आहे, पण अशी नव्हे. हा मोटरने उठतो आणि मोटर थांबली की पडतो. आजीला जो उठविणार आहे तो थांबत नाही.

धर्मग्राम मंडळातील ज्येष्ठांना माझी विनंती आहे. सभागृहामागची खोली कित्येक वर्षे मोडक्या खुर्च्यांनी भरलेली आहे. ती रिकामी करून तिची किल्ली या मुलांना द्यावी, तसा ठराव पुढच्या बैठकीत करावा. भंगार वाढेल, खिळे पायात जातील, विजेचे बिल येईल, हे सगळे मला मान्य आहे. रिकाम्या वेदीसेवकांच्या रांगेपेक्षा ते स्वस्त पडेल.

तो मुलगा अद्याप परत आलेला नाही. मी त्याची त्याच्या घरी क्षमा मागितली आहे. पण दोष जाहीर होता, तेव्हा क्षमाही जाहीर मागणे प्राप्त आहे, म्हणून ती येथे मागतो. खोऱ्याची कल्पना मी त्याला सांगितली, तेव्हा तो बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, “फादर, श्वास कसा दाखवायचा?”

त्याचे उत्तर माझ्यापाशी नाही. पण त्या खोलीची किल्ली मिळाली तर आम्ही दोघे मिळून ते शोधू.